बॅन करा, पण कारण सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे येणारी पत्रं बहुतेक खड्डे, पाणी, वीज नाहीतर खाणींवर असतात, माझा विषय जरा वेगळा आहे, पण तो आता घराघरात शिरलाय म्हणून लिहायला बसलो. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलांच्या ज्या कम्युनिटी असतात, तिथे जे मॉडरेटर आणि अॅडमिन असतात ज्यांना मुलं सरळ 'स्टाफ' म्हणतात, ते कसं वागतात, मुलांशी कसं बोलतात आणि आपापसात किती बोलतात, यावर मला सांगायचंय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. गोव्यात 'गेमिंग' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मांडवीतले कॅसिनो येतात. मी त्याबद्दल बोलत नाहीये, पैसे लावून खेळायच्या अॅपबद्दल पण नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्यातसुद्धा पैशांच्या गेम एका बाजूला आणि ई-स्पोर्ट्स व साध्या सोशल गेम दुसऱ्या बाजूला अशी विभागणी आहे. मी त्या दुसऱ्या बाजूबद्दल बोलतोय. मुलं एकत्र येऊन घरं बांधतात, मॅच खेळतात, रात्री गप्पा मारतात, ते.

मी फोंड्याचा, वय ३२, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही काही मित्रांनी माइनक्राफ्टचा, म्हणजे ठोकळ्यांनी घरं बांधायच्या गेमचा, एक छोटा सर्व्हर सुरू केला, सर्व्हर म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळायची आपली ऑनलाइन जागा, तेव्हा सगळेच घरी अडकलेले आणि त्याच सप्टेंबरात पबजी मोबाइलवर बंदी आली त्यामुळे तिकडची पण बरीच मुलं आमच्याकडे आली, फोंडा, डिचोली, पेडणे, इकडे सावंतवाडी, तिकडे बेळगाव. तेव्हापासून मी तिथे मॉड आहे, फुकटात, कामावरून आल्यावर जमेल तेवढा. म्हणजे मी जे बोलणार ते नुसतं बाहेरून बघून बोलत नाहीये, आमच्याकडून काय काय चुकलं ते पण सांगणार आहे.

पण पत्र लिहायला कारण झालं ते माझ्या भाच्याचं. ताई साखळीला दिलीय, तिचा मुलगा १३ वर्षांचा. तो आमच्या नाही, दुसऱ्या एका मोठ्या सर्व्हरवर खेळायचा, नाव देत नाही कारण मला कोणाला बदनाम करायचं नाहीये. तिथे त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून मंगेशीच्या देवळाचा दीपस्तंभ बांधायला घेतलेला. सात मजली, पांढरा, प्रत्येक कोनाड्यात कंदील. ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो पांढरा क्वार्ट्झ असा सहज मिळत नाही, त्यासाठी नेदर नावाच्या जागी जावं लागतं जिथे सगळीकडे लाव्हा आहे, पडलात तर हातातलं सगळं गेलं. या पोरांनी सात महिने रोज तासभर जाऊन ते दगड आणले. भाचा एका रविवारी ताईला घेऊन खरंच मंगेशीला गेला आणि दीपस्तंभाचे मजले, कोनाडे मोजून वहीत लिहून आला. मी ती वही बघितलीय, पेन्सिलने काढलेलं चित्र आणि बाजूला आकडे. शाळेच्या प्रोजेक्टला पण एवढी मेहनत केली नसेल असं ताईच म्हणाली.

मग चवथ आली. साखळीचं त्यांचं मूळ घर मोठं आहे, चवथीला सगळे भाऊ-बहिणी तिथेच, घरात सतरा-अठरा मुलं, माटोळी बांधायची गडबड, आरत्या, आणि मधल्या वेळेत सगळी पोरं एकाच वायफायवर. त्यातल्या एकाने, तो बाहेरगावी राहतो, आपल्या फोनवरून त्याच सर्व्हरवर जाऊन एक्स-रे लावला. एक्स-रे म्हणजे चीटिंग, जमिनीखाली हिरे कुठे आहेत ते भिंतीपलीकडून दिसतं. त्याला पकडलं, ते बरोबरच केलं. पण बॅन केला तो आयपी अॅड्रेसवर. घरातल्या राउटरला बाहेरच्या जगात पत्ता एकच असतो, आतमध्ये अठरा मुलं असली तरी सर्व्हरला ती एकच दिसतात. दुसऱ्या दिवशी भाच्याने लॅपटॉप उघडला तर स्क्रीनवर आलं, युवर आयपी अॅड्रेस इज बॅन्ड फ्रॉम धिस सर्व्हर, आणि खाली कारण, बॅन्ड बाय अॅन ऑपरेटर. बास. त्याने मला फोन केला, रडत नव्हता पण आवाज गेलेला होता, म्हणाला, "मामा, आयपी अॅड्रेस म्हणजे घराचा पत्ता ना? म्हणजे आमच्या घरालाच बॅन केलं?"

त्याला त्यातलं टेक्निकल काही माहीत नव्हतं पण त्याने जे ओळखलं ते अगदी खरं होतं.

आता ते 'बॅन्ड बाय अॅन ऑपरेटर' काय आहे ते बघा. बॅनची कमांड टाइप करताना मॉडने पुढे कारण लिहिलं तर ते कारण दिसतं, काहीच लिहिलं नाही तर गेम आपोआप हे वाक्य घालतो. म्हणजे त्या दिवशी कोणीतरी कमांड टाकली आणि पुढे 'एक्स-रे, अमुक खेळाडू' एवढे तीन शब्द लिहायचा कंटाळा केला. त्या तीन शब्दांवरून भाच्याला दोन मिनिटांत कळलं असतं की हे आपल्या चुलतभावाचं आहे, त्याने त्याला पुढे उभं करून माफी मागायला लावली असती आणि विषय मिटला असता.

त्याने डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर तिकीट उघडलं, तक्रार करायची तीच जागा. दोन दिवसांनी बॉटने ते बंद केलं, उत्तर नाही. परत उघडलं, परत बंद. तिसऱ्यांदा मी त्याला बसून नीट इंग्रजीत लिहून दिलं, वेळ, तारीख, आयपी शेअर्ड आहे, चवथीला घरात पाहुणे होते, सगळं. ते पण बंद झालं. शेवटी मी स्वतः त्यांच्या व्हॉइस चॅनेलमध्ये जाऊन बसलो आणि तिसऱ्या रात्री एक मॉड भेटला, कॉलेजचा मुलगा, बोलायला चांगला. तो म्हणाला की ज्याने बॅन केलेलं त्याने स्टाफ सोडला, जाताना कोणाला काही सांगून गेला नाही, का बॅन केलं हे आमच्यात कोणालाच माहीत नाही, म्हणून ते तिकीट कोणी हातात घेत नव्हतं, प्रत्येकाला वाटत होतं दुसरा बघेल. त्याने तिथल्या तिथे बॅन काढला. पण तोपर्यंत २३ दिवस गेले होते आणि त्या सर्व्हरचा नियम असा की १५ दिवस कोणी आलं नाही तर त्याच्या जागेचं प्रोटेक्शन जातं. भाचा लॉगिन झाला तेव्हा दीपस्तंभाचे खालचे दोन मजले उरलेले, वरचा सगळा क्वार्ट्झ लोकांनी फोडून नेला होता.

काही लोक म्हणतील, गेमच आहे, एवढं काय. माझं म्हणणं असं की तेरा वर्षांच्या मुलाची सात महिन्यांची मेहनत गेली आणि त्याहून वाईट म्हणजे मोठी माणसं विचारलं तरी उत्तर देत नाहीत हे तो शिकला. हे मला जास्त लागलं.

मॉड लोकांवर मी नुसता राग काढत नाहीये. हे काम कोण करतं ते पालकांना माहीत नसतं. बहुतेक ठिकाणी १८-२० वर्षांची पोरं, पगार नाही, ट्रेनिंग नाही, रात्री एक वाजता कोणीतरी येऊन घाणेरड्या शिव्या घालतो, फोटो टाकतो, ते सगळं यांनी बघायचं आणि पुसायचं. सकाळी कॉलेज. ज्याचा सर्व्हर आहे तो मालक आठवडा-आठवडा दिसत नाही. परीक्षा आली की मॉड गायब होतो, त्याच्या जागी दुसरा घेतात, त्याला कोणी बसवून नियम समजावत नाही, फक्त नावापुढे रंग येतो आणि हातात बॅनचं बटण. मग एक मॉड एकाला वॉर्निंग देतो, दुसरा त्याच गोष्टीला सात दिवस बाहेर काढतो, मुलं म्हणतात पार्शलिटी आहे, आणि खरं म्हणजे पार्शलिटी नसते, एकाने काय केलं ते दुसऱ्याला कळलेलंच नसतं.

आमच्याकडे पण हेच झालं. एक केपेच्या बाजूचा मुलगा होता, फार हुशार, रेडस्टोनची, म्हणजे गेममधल्या विजेची, सर्किट बनवायचा. एका दुपारी त्याने चॅटवर सहज लिहिलं, शीत-कडी जेवून येतो. आता आपल्याकडे शीत म्हणजे भात हे तुम्हाला मला माहीत, पण मुलं टाइप करतात इंग्रजी अक्षरांत आणि तसं लिहिलं की ती इंग्रजी शिवी होते. आमच्या ऑटोमॉडने, म्हणजे शिव्या आपोआप पकडणाऱ्या प्रोग्रामने, त्याला म्यूट केलं, चॅटवर लिहिणं बंद. जेवून आला, परत विचारायला गेला तर परत तोच शब्द, परत म्यूट, तिसऱ्यांदा दिवसभरासाठी. त्याने माझ्यासकट तिघा मॉडना मेसेज केले होते. मी कामावर होतो, वाटलं बाकीचे दोघं बघतील. त्या दोघांना वाटलं मी बघेन. तो मुलगा गेला तो परत आलाच नाही. ऑटोमॉडमध्ये चालणाऱ्या शब्दांची वेगळी यादी घालता येते, त्यात तो शब्द टाकायला मला नंतर दोन मिनिटं पण लागली नाहीत. अजून मला ते आठवतं.

त्यानंतर आम्ही बसलो, खरोखर बसलो, फोंड्याला चहाच्या दुकानात चौघं आणि फोनवर दोघं. आणि जे ठरवलं ते अगदी साधं आहे. एक शीट ठेवली सगळ्यांची मिळून, वही म्हणा, कोणावर काय कारवाई केली, का केली, त्या वेळचा स्क्रीनशॉट, कोणी केली, तारीख. डिस्कॉर्ड स्वतः स्टाफने काय केलं त्याची नोंद ठेवतो पण ती ४५ दिवसांनी जाते आणि त्यात बटण कोणी दाबलं ते कळतं, दाबताना डोक्यात काय होतं ते कळत नाही, म्हणून वही आपली लागतेच. कारण लिहिल्याशिवाय बॅन करायचा नाही आणि ते कारण त्या मुलाला कळेल अशा भाषेत त्याला पाठवायचं, मराठीत नाहीतर कोंकणीत. ज्याने बॅन केला त्याने त्याचं अपील ऐकायचं नाही, दुसऱ्याने ऐकायचं. आयपीवर बॅन घालायच्या आधी त्या पत्त्यावरून अजून कोण कोण खेळतं ते बघायचं, कारण मोबाइल डेटावर तर कंपनीचे कितीतरी गिऱ्हाईक एकाच पत्त्यामागे असतात, साखळीतल्या एकाला मारायला जाल तर म्हापशातला दुसराच लागेल. आणि ज्याला सुट्टी पाहिजे त्याने स्टाफ चॅनेलवर लिहायचं, अमुक तारखेपासून मी नाही, माझ्याकडची ही दोन तिकीटं उघडी आहेत, कोण घेतो. ही शेवटची गोष्ट सगळ्यात छोटी आहे आणि आमचे निम्मे भांडण-तंटे तिथेच संपले.

तिकिटाला उत्तर काय द्यायचं ते माहीत नसलं तरी 'बघितलं, उद्या रात्रीपर्यंत सांगतो' एवढं लिहायचं. मुलं थांबायला तयार असतात, हो. कोणी वाचलं की नाही हेच कळत नाही तेव्हा ती सैरभैर होतात आणि मग दुसऱ्या नावाने येऊन गोंधळ घालतात.

आपल्या गोव्यात हे समजावून सांगायला लांब जायला नको. कुठल्याही गावच्या फुटबॉलच्या मॅचला जा, रेफरी कार्ड काढतो ते हात वर करून, सगळ्यांना दिसेल असं, पिवळं की लाल, कोणाला ते पण दिसतं, आणि खिशातल्या कागदावर लिहितो. ती कार्डं १९७० च्या वर्ल्ड कपला आली ती मुळात यासाठीच की मैदानावर रेफरीची भाषा सगळ्यांना कळत नव्हती. आपल्या मुलांना हे लहानपणापासून माहीत आहे. लाल कार्ड मिळालेला मुलगा चिडतो, बूट आपटतो, पण का मिळालं ते त्याला माहीत असतं. आणि रविवारच्या ग्रामसभेत किती का आरडाओरडा होईना, मागच्या सभेत काय ठरलं ते वाचून दाखवावं लागतं आणि कोणीही उठून विचारू शकतो, त्याचं काय झालं. गेमच्या कम्युनिटीत महिन्यातून एकदा असं का नको? अर्धा तास, स्टाफ सगळा हजर, कोणीही विचारावं. आम्ही करतो, महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री, आणि पहिल्या दोन वेळा आम्हाला भरपूर ऐकून घ्यावं लागलं, तिसऱ्या वेळी मुलांनी स्वतः नियम सुचवले.

मोठ्या कंपन्यांना हे माहीत नाही असं नाही. लीग ऑफ लेजेंड्स हा गेम काढणाऱ्या रायट गेम्सने २०११ मध्ये ट्रायब्युनल म्हणून प्रकार काढलेला, खेळाडूच दुसऱ्या खेळाडूंच्या तक्रारी वाचून मत द्यायचे. तो पुढे बंद पडला पण त्या काळात त्यांच्या लक्षात आलं की ज्याला काढलं त्याला त्याचंच चॅट समोर दाखवलं तर परत आल्यावर तो जास्त सुधारतो. आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांत पण होतंच, तक्रार आली की २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निकाल लावायचा, २०२६ मध्ये ते १५ चे ७ दिवस केले. पण ते कंपन्यांसाठी. चार पोरांनी मिळून चालवलेल्या सर्व्हरला विचारायला कोण जातो? म्हणून हे स्वतःहूनच करावं लागेल, आणि २४ तास, १५ दिवस हा जुना हिशोब तरी छोट्या सर्व्हरनेही घ्यायला काय हरकत आहे, आमचा तोच आहे.

एक गोष्ट मला लिहू की नको असं झालेलं पण लिहितो. मागे एका रात्री साडेबाराच्या सुमारास एका मुलाने चॅटवर लिहिलं की घरी जायची इच्छा नाही, काहीच नको वाटतं. त्या वेळी जो मॉड होता तो स्वतः १९ वर्षांचा. त्याला कळेना काय करायचं, त्याने तो मेसेज डिलीट केला, कारण नियमात 'नकारात्मक बोलायचं नाही' असं होतं. सकाळी मला कळलं. आम्ही त्या मुलाला शोधून बोललो, सुदैवाने तो ठीक होता, घरी भांडण झालेलं. पण माझी झोप उडाली. आता आमच्या स्टाफ चॅनेलवर सगळ्यात वर पिन करून ठेवलंय, असं काही दिसलं की डिलीट करायचं नाही, त्याच्याशी बोलत राहायचं, आमच्यापैकी मोठ्याला कितीही वाजता फोन करायचा, आणि चाइल्डलाइन १०९८, ती चोवीस तास असते. तसंच कोणी मुलाला फुकट रँक देतो सांगून बापाच्या फोनवरचा ओटीपी मागितला आणि पैसे गेले तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. आणि अजून एक, स्टाफमधल्या कोणीही लहान मुलाशी एकट्याने प्रायव्हेट मेसेजवर बोलायचं नाही, तिकिटातच बोलायचं जिथे दुसरा मॉड वाचू शकतो. याला आमच्यातल्या दोघांनी विरोध केला, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. विश्वास आहे, पण त्या मुलाच्या आईने उद्या विचारलं तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी असलं पाहिजे.

पालकांना माझी विनंती, मुलगा कुठल्या सर्व्हरवर खेळतो ते विचारा आणि एवढंच बघा की तिथे नियम लिहिलेले आहेत का आणि तक्रार केली तर उत्तर देणारं माणूस आहे का. मोबाइल काढून घेणं सोपं आहे, मी पण भाच्याच्या वेळी ताईला तेच सांगणार होतो. पण त्याची मैत्री तिथे आहे, त्याचं बांधकाम तिथे आहे.

आणि आपल्याकडे आता कॉलेजांच्या फेस्टमध्ये ई-स्पोर्ट्स असतातच, २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिल्यापासून त्याला थोडा मानही आलाय. जे आयोजक आहेत त्यांनी पोस्टरवर बक्षिसाच्या आकड्याखाली एक ओळ घालावी, वाद झाला तर कोणाला विचारायचं आणि किती वेळात उत्तर मिळेल. पावसात आपल्याकडे वीज जाते, मॅचमध्येच वीज गेली तर त्या मुलाला आउट धरणार की परत खेळवणार, हे आधी सांगा, मराठीत सांगा, कोंकणीत सांगा. पेडण्याहून बस बदलत आलेला मुलगा राउटर बंद पडला म्हणून बाहेर होतो आणि आयोजक फोन उचलत नाही, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

भाच्याने तो सर्व्हर सोडला. दोन महिने त्याने गेमला हात लावला नाही, मग दिवाळीनंतर ती मंगेशीची वही घेऊन आमच्याकडे आला. दीपस्तंभ परत पहिल्यापासून, आता चौथ्या मजल्यावर आहे. पहिल्या दिवशी जागा निवडायच्या आधी त्याने मला एकच विचारलं, "मामा, इथे बॅन झालो तर विचारायचं कोणाला?" मी त्याला दोन नावं दिली, माझं त्यात नव्हतं कारण मी त्याचा मामा आहे, आणि वेळ सांगितली, रात्री ९ ते ११. त्याने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

आपला,
एक मॉडरेटर आणि मामा
फोंडा, गोवा